एचआयव्ही असलेली आई, तान्हं बाळ आणि पाणी : मदत नेमकी कशात करावी?

ओंजळ :
आमचा एक छोटा गट आहे. दरवर्षी थोडेफार पैसे जमवून एखाद्या कामाला देतो. यंदा ग्रामीण भागातल्या एचआयव्हीबाधित आया आणि त्यांची तान्ही बाळं यांच्यासाठी काहीतरी करायचं ठरलंय. आणि ठरल्या दिवसापासून गटात दोन तट पडलेत.

एक तट म्हणतो, आईच्या दुधातून संसर्ग होतो हे शाळेत शिकलोय ना, मग बाळाला पावडरीच्या दुधाचे डबे द्या, विषय संपला. दुसरा म्हणतो, डबे-बिबे नकोत, साबण द्या, पाण्याची सोय करा, संडास बांधा. मला दोन्ही बाजू ऐकताना पटतात आणि घरी आल्यावर दोन्ही पटेनाशा होतात. ज्यांनी या विषयात प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. "बिचारी लेकरं" छापाचे प्रतिसाद नसले तरी चालतील.

तिरकस :
दोन तट? आमच्या गटात याच विषयावर पाच पडले असते. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (गंमत बाजूला, चांगला धागा.)

शुश्रूषा :
माझी बरीच वर्षं प्रसूती विभागात आणि नंतर समुपदेशनात गेली, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी डब्यांचं. देऊ नका. किमान सरसकट तरी देऊ नका.

काहीच उपचार नसतील तर एचआयव्हीबाधित आईकडून बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के सांगितलं जातं. यात गर्भारपण, बाळंतपण आणि अंगावरचं दूध, तिन्ही आलं. त्यात दर शंभर बाळांमागे ५ ते २० बाळांना तो दुधातून होतो. हा आकडा खरा आहे, आणि तुमच्या पहिल्या तटाच्या डोक्यात तोच बसलाय. पण तो गोळ्या नसतानाचा आहे. आई रोज एआरटीच्या, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या घेत असेल, बाळाला सुरुवातीचे आठवडे औषधाचं सिरप मिळत असेल, तर हिशेब पार बदलतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली मार्गदर्शन बदललं, आणि २०१६ साली आणखी स्पष्ट केलं : उपचार चालू असलेल्या आईने पहिले सहा महिने फक्त अंगावर पाजावं, मग वरचा आहार सुरू करून निदान वर्षभर पाजत राहावं, आणि गोळ्या नीट चालू असतील तर दोन वर्षं किंवा पुढेही पाजायला हरकत नाही. कुठल्या देशाने अंगावर पाजण्याचा सल्ला द्यायचा आणि कुठल्या देशाने वरच्या दुधाचा, हे तिथल्या आरोग्य यंत्रणेने ठरवायचं आहे. त्यामुळे तुमच्या गटाचं पहिलं काम, तुम्ही जिथे मदत करणार तिथल्या आरोग्य केंद्रात आयांना काय सांगितलं जातं ते विचारणं. त्याच्या उलट काही वाटलंत तर आई दोन्हीकडून लटकते. ती थोडं हे देते, थोडं ते.

आणि ते "थोडं हे, थोडं ते" फार वाईट. दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनमध्ये १९९९ साली झालेल्या अभ्यासात पहिल्यांदा नीट दिसलं की फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षा मिश्र आहारावरच्या बाळांना संसर्ग जास्त होतो. पुढे २००७ साली तिथल्याच क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या मोठ्या अभ्यासात अंगावरच्या दुधासोबत घट्ट अन्न सुरू केलेल्या बाळांमध्ये हा धोका जवळपास अकरा पट निघाला. कारण समजायला अवघड नाही. बाहेरचं अन्न आणि त्यासोबतचे जंतू कोवळ्या आतड्याचं अस्तर दुखवतात, विषाणूला वाट मिळते. शिवाय पाजण्यात खाडे पडले की स्तनात दूध तुंबतं, सूज येते, आणि सुजेच्या दुधात विषाणू वाढतो.

गणिती :
@शुश्रूषा, "हिशेब पार बदलतो" म्हणजे किती? आकडा द्या ना. आणि शून्य होतो का?

शुश्रूषा :
@गणिती, शून्य नाही. आईला तसं सांगूही नये. प्रॉमिस नावाची मोठी चाचणी झाली, बहुतेक केंद्रं आफ्रिकेत होती आणि एक भारतात. तिचे निकाल २०१८ साली आले. औषध चालू ठेवून अंगावर पाजलेल्या बाळांमध्ये सहा महिन्यांपर्यंत दुधातून झालेला संसर्ग सुमारे ०.३ टक्के आणि वर्षापर्यंत ०.६ टक्के. पण चाचणीत प्रत्येक आईच्या मागे माणूस असतो, गोळ्या संपत नाहीत. प्रत्यक्षात गोळ्या संपतात. तिथेच सगळं अडतं.

तिरकस :
एक सरळ प्रश्न. श्रीमंत देशांत एचआयव्ही असलेल्या बायकांना वर्षानुवर्षं "अंगावर पाजू नका" असंच सांगत आले ना? मग गरिबाच्या बाळाला ०.६ टक्के चालतो आणि श्रीमंताच्या बाळाला चालत नाही, असं का? कुणाला राग आला तरी चालेल, पण उत्तर हवंय.

शुश्रूषा :
राग नाही, हा प्रश्न आयाही विचारतात. दोन गोष्टी.

एक, तिकडेही सूर बदललाय. अमेरिकेच्या मार्गदर्शनात २०२३ पासून आईशी बोलून मिळून निर्णय घ्या असं आलं, आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये, विषाणू दबलेला असेल आणि आईला पाजायचं असेल तर तिला साथ द्या असं म्हटलं.

दोन, तुलना "संसर्ग विरुद्ध सुरक्षित डबा" अशी नाहीच. गावातला डबा सुरक्षित नसतो. बोट्स्वाना सरकार एचआयव्हीबाधित आयांना पावडरीचं दूध फुकट देत होतं, सरकारी खर्चाने, नीट योजना आखून. २००६ च्या सुरुवातीला जोरदार पावसानंतर जुलाबाची साथ आली आणि पाच वर्षांखालची मुलं मोठ्या संख्येने दगावली. शोध घेतला तेव्हा अंगावर न पिणं हा सगळ्यात मोठा धोका निघाला, डब्याच्या दुधावरची बाळं सगळ्यात जास्त. त्याच देशात त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या माशी नावाच्या चाचणीत (आपली माशी नव्हे!) डब्याच्या गटात एचआयव्ही कमी, पण पहिल्या काही महिन्यांतले मृत्यू जास्त. दीड वर्षाला "जिवंत आणि संसर्गमुक्त" अशी बाळं मोजली तर दोन्ही गट जवळपास सारखे. म्हणजे एका हाताने वाचवलं आणि दुसऱ्या हाताने घालवलं. झांबियात चौथ्या महिन्यात अंगावरचं दूध एकदम तोडून बघितलं, २००८ साली निकाल आले, त्याचाही फायदा झाला नाही. वरच्या सगळ्या गोष्टी आयांना सरसकट एआरटी मिळायला लागण्याआधीच्या आहेत. आता गोळ्या असताना तर डब्याचं पारडं आणखी हलकं होतं.

जलवाहिनी :
मी पाणीपुरवठ्यातला माणूस. दुधातलं कळत नाही, पण पावडरीचं दूध "नीट" बनवायचं म्हणजे काय ते पाण्याच्या अंगाने सांगतो.

पावडर निर्जंतुक नसते, डबा सीलबंद असला तरी. म्हणून उकळलेलं पाणी फार गार होऊ न देता, किमान ७० अंशांना असताना त्यात पावडर घालायची, म्हणजे पावडरीतले जंतू मरतात. मग बाळाला सोसेल इतकं गार करायचं. दोन तासांत संपलं नाही तर फेकायचं. तान्हं बाळ दिवसरात्रीत सहा ते आठ वेळा पितं. म्हणजे तितक्या वेळा चूल किंवा स्टोव्ह, तितक्या वेळा वाटी-चमचा उकळणं, रात्री दोन वाजतासुद्धा. पहिल्या सहा महिन्यांना साधारण २० किलो पावडर लागते. आता ज्या घरात पाणी डोक्यावरून येतं आणि सरपण मोजून जाळलं जातं तिथे काय होणार? सकाळी एकदाच बनवून दिवसभर पुरवलं जाणार. डबा संपत आला की पातळ केलं जाणार. यात आईचा दोष काढू नका, कुणीही हेच करेल.

म्हणून माझं मत दुसऱ्या तटाच्या बाजूने. पाणी, साबण, संडास.

रानवाट :
@जलवाहिनी, थोडं थांबवते. पोषणाच्या प्रकल्पांवर काम करते, आणि "पाणी-साबण दिले की बाळ वाढतं" हे आम्हालाही वाटायचं. झिंबाब्वेत शाइन नावाची मोठी चाचणी झाली, ग्रामीण भागात, एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत. एका गटाला संडास, हात धुण्याची सोय, पाण्यासाठी क्लोरीन, बाळाला खेळायला स्वच्छ चटई. दुसऱ्याला आहाराचा सल्ला आणि सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत रोज २० ग्रॅमचं पोषक पाकीट. तिसऱ्याला दोन्ही. बाळांची उंची आहाराने थोडी सुधारली. संडास-साबणाने वाढीत फरक पडला नाही. बाधित आयांच्या बाळांचं वेगळं विश्लेषण झालं, त्यातही तेच.

म्हणजे स्वच्छता नको असं मुळीच नाही. घरापुरती वरवरची स्वच्छता अपुरी पडते, एवढंच. अंगणात कोंबड्या फिरतात, बाळ रांगतं, माती तोंडात घालतं. शेजारच्या दहा घरांत संडास नसेल तर आपल्या घरातला एक काय करणार?

जलवाहिनी :
मान्य, ती चाचणी आमच्याकडेही खूप चघळली गेली. पण दोन गोष्टी. बांगलादेशात तशाच धर्तीच्या चाचणीत जुलाब कमी झाले होते, केनियात नाही झाले. सगळीकडे एक उत्तर नाही. आणि उंची हे एकच माप धरू नका. बाळंतीण बाईला रक्तस्राव चालू असताना अंधारात लांब जावं लागतं, म्हणून ती संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. ती अंगावर पाजणारी बाई आहे! संडास हा बाळाच्या उंचीसाठी नाही, तिच्यासाठी आहे.

रानवाट :
हे पटलं. असं कुणी मांडत नाही.

अनाम_पाहुणी :
बरेच दिवस इथे नुसती वाचते. आज लिहिते. मला हा आजार आहे. पहिल्या गरोदरपणात तपासणीत कळलं. मुलगा आता शाळेत जातो, त्याची शेवटची टेस्टही निगेटिव्ह आली.

दुधाचं म्हणाल तर मला कुणी डबा दिला असता तर मी घेतला नसता. गावात बाळंतीण अंगावर पाजत नाही म्हटल्यावर पहिला प्रश्न "का?" आणि दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, उत्तर आपापसात ठरतं. डबा म्हणजे दारावर लावलेली पाटी.

मला त्रास झाला तो गोळ्यांचा. घरात नवऱ्याला माहीत होतं, बाकी कुणाला नाही. गोळ्यांची बाटली हलली की खुळखुळते. मी तिच्यात कापूस कोंबून ठेवायचे. घेण्याची वेळ रात्रीची, आणि त्या वेळी सगळे एकाच खोलीत. औषध आणायला जायचं तर गाडीभाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातं, वर "कुठे गेली होतीस" हे आहेच. एकदा आणायला उशीर झाला, तर तिथल्या एका बाईने सगळ्या रांगेसमोर मोठ्याने विचारलं, इतके दिवस गोळ्या नाहीत आणि पाजतेस कशी? ती बरोबरच बोलत होती. पण त्यानंतर महिनाभर मला तिथे पाय टाकवेना. म्हणजे तिच्या काळजीने माझ्या गोळ्या आणखी चुकल्या.

सासूबाई बाळाला पाणी पाजायच्या, माझ्या नकळत. उन्हाळा आहे, घसा सुकतो म्हणून. त्यांना खरं सांगता येत नव्हतं. शेवटी समुपदेशक ताई घरी आल्या आणि आजाराचं नावही न काढता म्हणाल्या, आजी, सहा महिने पाण्याचा थेंब नको, आईच्या दुधात पाणी असतंच, आणि हे सगळ्याच बाळांना सांगतोय आम्ही. सासूबाईंनी ऐकलं. इतकं सोपं होतं ते. सगळ्याच बाळांना, हे एवढं म्हटलं की झालं.

ओंजळ :
@अनाम_पाहुणी, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद गटात वाचून दाखवला तर चालेल का? नाव-गाव तसंही नाहीच.

अनाम_पाहुणी :
चालेल.

शुश्रूषा :
पाहुणीताई, कापसाची युक्ती अनेकजणी करतात. फक्त बाटलीतली ओलावा शोषणारी छोटी पुडी काढू नका, आणि गोळ्या कागदात बांधून चुलीजवळ ठेवू नका. हे तुमच्यासाठी नाही, वाचणाऱ्या इतर कुणासाठी.

आणि ओंजळ, ताईंनी मुद्दा तुमच्या हातात आणून ठेवलाय. बाळाचं रक्षण आईच्या गोळ्यांत आहे, आणि गोळ्या चुकतात त्या गाडीभाड्यामुळे, मजुरी बुडण्यामुळे, लपवाछपवीमुळे आणि भुकेमुळे. रिकाम्या पोटी गोळी घेऊन मळमळ झाली की दुसऱ्या दिवशी ती गोळी बाजूला राहते. पाजणाऱ्या आईला एरवीही रोज साधारण ५०० कॅलरी जास्त लागतात. त्यात एचआयव्ही असेल तर, लक्षणं नसतानाही, आणखी १० टक्के. लक्षणं असतील तर २० ते ३० टक्के. बाळाच्या डब्याला पैसे आहेत आणि आईच्या ताटाला नाहीत, हे मला आजवर कळलेलं नाही.

गणिती :
सिरप, तपासण्या याबद्दल कुणी थोडक्यात सांगेल का? शोधायला गेलो तर प्रत्येक ठिकाणी वेगळं दिसतं.

शुश्रूषा :
थोडक्यात : जन्मानंतर लगेच बाळाला औषधाचं सिरप, साधारण सहा आठवडे, धोका जास्त असेल, म्हणजे आईचे उपचार उशिरा सुरू झाले किंवा विषाणू दबलेला नसेल, तर जास्त काळ. मात्रा वजनावर, ती केंद्रातच ठरवतात. चार ते सहा आठवड्यांपासून कोट्रायमोक्साझोल, म्हणजे इतर संसर्ग टाळणारं औषध. पहिली पीसीआर (थेट विषाणू शोधणारी) तपासणीही त्याच सुमारास, टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन. साधी अँटीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) तपासणी दीड वर्षाच्या आत फसवते, कारण आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात असतात. पॉझिटिव्ह दिसली म्हणून घर हंबरडा फोडतं आणि बाळ निरोगी असतं, हे मी पाहिलंय. अंगावर पाजणं थांबल्यावर तीन महिन्यांनी शेवटची तपासणी, आणि ती दीड वर्षाच्या आधी नाही. मधली एक तपासणीही असते, साधारण नवव्या महिन्यात. ही मधली आणि शेवटची सगळ्यात जास्त चुकते, कारण बाळ गुटगुटीत दिसतं आणि लोकांना वाटतं झालं. पहिल्या तपासणीची घाई मात्र खरंच हवी. संसर्ग झालेल्या बाळाला उपचार नसतील तर निम्मी दोन वर्षं पुरी करत नाहीत, आणि पहिले काही महिने सगळ्यात वाईट.

रानवाट :
सहा महिन्यांनंतरचं मी जोडते, कारण तिथे सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि बाळ तिथेच वाळायला लागतं. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा वरचं खाणं, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा आणि मधे एखाद-दुसरं काही. आणि घट्ट! चमच्यावरून ओघळणारं पातळ पाणी नको, चमचा कलला तरी बसून राहील असं हवं. पोट एवढंसं असतं, ते पाण्याने भरलं तर दाणे कुठे जाणार.

आणखी एक, जे फार कमी सांगितलं जातं. मोठ्या माणसाने स्वतः चावून मऊ केलेला घास बाळाला भरवू नये. लाळेतून एचआयव्ही पसरत नाही, पण हिरड्यांतून रक्त येत असेल आणि बाळाला दात फुटत असतील तर संसर्ग झाल्याची उदाहरणं नोंदली गेलीत. त्यापेक्षा कुस्करून द्या.

तिरकस :
हे खरंच माहीत नव्हतं. पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

शेजारीण :
प्रश्न थोडा बाळबोध वाटेल. संडास सामायिक असेल तर इतर घरं आक्षेप घेतात. त्यांना काय सांगायचं?

जलवाहिनी :
बाळबोध नाही, आमच्या प्रत्येक बैठकीत येतो. संडासातून, पाण्यातून, भांड्यांतून, अंघोळीच्या जागेतून एचआयव्ही पसरत नाही. रक्ताचे कपडे असतील तर हातात प्लास्टिकची पिशवी घालून साबणाने धुवायचे, ते कुणाच्याही बाबतीत. आणि म्हणून "एचआयव्ही कुटुंबांसाठी संडास" असं कधी करू नका. वस्तीला द्या, बाळंतिणींच्या घरांना आधी द्या. यादी करायचीच तर "दोन वर्षांखालचं मूल असलेली घरं" अशी करा.

हात धुण्याच्या सोयीला मोठा खर्च लागत नाही. डबा दांडीला टांगायचा, तोंडाशी बारीक भोक, दोरी खाली पायाशी फळीला. फळी दाबली की डबा कलतो, पाण्याची बारीक धार येते, हाताने काही धरावं लागत नाही. साबण शेजारी दोरीलाच ओवलेला, म्हणजे कावळा नेत नाही (नेतो, हसू नका). हे संडासाजवळ एक आणि चुलीजवळ एक. बाळाचा लंगोट बदलल्यावर हात धुणं लोकांना सगळ्यात कमी पटतं, कारण तान्ह्याची शी "चांगली" असते असा समज. ती संडासातच टाकायची, उकिरड्यावर नाही. पिण्याचं पाणी अरुंद तोंडाच्या, तोटी असलेल्या भांड्यात. रुंद तोंडाचं भांडं आलं की त्यात हात गेलाच. आणि गढूळ पाण्यात नुसतं क्लोरीन टाकून उपयोग नाही, आधी गाळायचं.

शुश्रूषा :
स्तनांच्या तक्रारींचं राहिलं. स्तनाग्राला चीर, गाठ, पू, किंवा बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे, यांत धोका वाढतो. दुखऱ्या बाजूचं दूध पिळून टाकून द्यायचं, बाळाला दुसऱ्या बाजूला लावायचं, आणि लगेच उपचार. पिळणं थांबवायचं नाही, नाहीतर गाठ वाढते. बहुतेक चिरा बाळ नीट न धरल्यामुळे पडतात. पहिल्या आठवड्यात कुणी शेजारी बसून बाळ कसं लावायचं ते दाखवलं तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

काही काळ गोळ्या मिळाल्याच नाहीत किंवा आई आजारी असेल तर पिळलेलं दूध तापवून देता येतं. दूध काचेच्या बरणीत, बरणी पातेल्यातल्या पाण्यात, पाण्याची पातळी दुधापेक्षा वर. पाण्याला खळखळून उकळी आली की बरणी लगेच बाहेर. यात विषाणू निकामी होतो आणि दुधातलं बरंचसं सत्त्व टिकतं. हा तात्पुरता मार्ग आहे, कायमचा नाही. द्यायचं वाटी-चमच्याने. बाटली नको, तिचं बूच आणि खाचा कुणालाच नीट धुता येत नाहीत.

गणिती :
म्हणजे डबा कधीच नाही?

शुश्रूषा :
कधीच नाही असं नाही. आई दगावली असेल, किंवा सगळं समजून तिने स्वतः ठरवलं असेल आणि घरात खात्रीचं पाणी, इंधन, सहा महिने न खंडणारा पुरवठा आणि घरच्यांची साथ असेल, तर. यातलं एक जरी डळमळलं तर नाही. मधेच बंद पडणारी डब्यांची मदत ही मदतच न केल्यापेक्षा वाईट, कारण तोवर आईचं दूध आटलेलं असतं.

ओंजळ :
गटाची काल बैठक झाली. डब्यांचा प्रस्ताव मागे पडला. सध्या ठरलंय ते असं : तिथल्या आरोग्य केंद्राशी बोलून औषध आणायला येणाऱ्या आयांचं गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी, प्रसूतीनंतर वर्षभर. पाजणाऱ्या सगळ्या आयांना कोरडा शिधा, आजार न विचारता. आणि एका वस्तीत हात धुण्याच्या सोयी, पाण्याची भांडी. संडास आमच्या आवाक्याबाहेर आहेत, त्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करायला मदत करू. पाहुणीताई, काही सुटतंय का?

अनाम_पाहुणी :
गाडीभाडं हातात द्या, पण सही घ्यायचं रजिस्टर उघडं ठेवू नका. आणि शिधा वाटायला येणाऱ्या गाडीवर संस्थेचा फलक लावू नका.